काळवीट बघायला आपण दोघं जायचो

अहो,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. इतक्या दिवसांत बाबाजीपुऱ्यातल्या आपल्या घरी जो आला, तो तुमच्याविषयी चांगलंच बोलून गेला. कुणी तुमच्या घोड्यावरच्या मांडीचं कौतुक केलं, कुणी मामंजींच्या पलटणीपासून सुरुवात केली, कुणी म्हणालं, शिकारखान्यात असा माग काढणारा पुन्हा व्हायचा नाही. मी पदर पुढे ओढून ऐकत होते. माळावरचं कुणीच बोललं नाही. बोलणार तरी कसं? तिथे आपण दोघंच असायचो.

काल सकाळी पश्चिमेचा वारा सुटला. दर वर्षी होळीच्या आसपास हा वारा सुटला की तुम्ही जेवता जेवता घास हातात धरून थांबायचात आणि म्हणायचात, "कपाशीची खेतरं मोकळी झाली असतील." तेवढं ऐकलं की माझं काळीज धडधडायला लागायचं. काल तसंच धडधडलं. कपाळ मोकळं झालेल्या बाईला असा उल्हास वाटावा का, मला ठाऊक नाही. पण वाटला खरा, आणि तो तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

पहिल्या वेळची गोष्ट तुम्ही नेहमी अर्धीच सांगायचात, म्हणून मी पुरी लिहिते. आपल्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी मी आधीच उणी. त्यात आपल्या घरातल्या बायका गोषातल्या. देवाला जायचं तरी गाडीला पडदे. अशा घरात तुम्ही एका दुपारी शिकारखान्यातून आलात, पाय धुतलेत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "उद्या पहाटे माझ्याबरोबर चल. जुनं लुगडं नेस."

सासूबाईंनी निवडायचं सूप खाली ठेवलं. "कुठे न्यायचंय तिला?"

"मकरपुऱ्याच्या पलीकडे. चित्त्याच्या शिकारीला जमीन बघायचीय."

"तिथे बाईचं काय काम?"

"घोडेस्वार दिसला की हरणं बुजतात, आई. नवरा-बायको बैलगाडीतून खेतरातून चाललेत, तर मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात."

"मोहित्यांची सून उघड्या गाडीत बसणार. लोक काय म्हणतील?"

"हरणं काही म्हणणार नाहीत," तुम्ही म्हणालात आणि पाटावर बसलात. सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण ते चार दिवस मी घरात नव्हतेच म्हणा ना.

त्या पहाटे राजवाडा मागे पडला, रस्ता संपला, गाडी चाकोरीला लागली आणि पूर्वेकडे फटफटलं. सात वर्षांत मी एवढं आभाळ पाहिलं नव्हतं. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला आणि मी तो तसाच राहू दिला. तुम्ही पाहिलंत. मग हळू आवाजात मला काम समजावून सांगितलंत. चित्ता लांब पळत नाही. तीन-चारशे पावलं जीव तोडून पळतो, तेवढ्यात काळवीट हाती आलं तर आलं, नाहीतर फतकल मारून बसतो. म्हणून जमीन सपाट हवी. भेगा नकोत, नाहीतर चित्त्याचा पाय मोडेल. मध्ये थोराची वाड म्हणजे काटेरी कुंपण नको, उघडी विहीर नको. कळप रोज कुठे चरतो ते ठाऊक हवं आणि त्या कळपात पुरा काळा झालेला नर हवा. मादी मारली तर शिकारखान्याची मान खाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, कळपाला बैलगाडीची सवय व्हायला हवी, कारण शिकारीच्या दिवशी चित्ताही बैलगाडीतूनच येणार. म्हणून सात सकाळी आपण नुसतं फिरायचं. आज कळपाला लांबून वळसा, उद्या थोडा जवळून, परवा आणखी जवळून.

जमीन तुम्ही पायांनी वाचायचात. वहाणा गाडीत काढून ठेवायच्या आणि खेतरातून आडवं-तिडवं चालायचं. मध्येच वाकून लेंड्या चिमटीत धरून फोडायच्या. "काल संध्याकाळच्या आहेत," म्हणायचं. काळ्या जमिनीत वरून गवत पडलेलं असलं तरी खालची भेग तुमच्या टाचेला कळायची. असं जमीन वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग तुम्ही गाडीत येऊन बसायचात आणि विचारायचात, "किती दिसतात?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, मास्तर जसे मुलाला विचारतात तसं विचारताय. मी हुशारीने मोजलं. "एकोणीस. नाही, एक बसलेली आहे, वीस."

"काळा कुठे आहे?"

"सगळ्यांच्या मागे. मान वर करून चालतोय. अहो, त्याची शिंगं केवढी आहेत."

"पीळ मोज."

मी डोळे बारीक करून मोजले. चार. तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि हसलात. तुमचं असं हसणं घरी मी कधी ऐकलं नव्हतं. परतताना जे जे पाहिलं ते सगळं मी तुमच्याजवळ बडबडत होते, लहान पोरीसारखी. आणि तुम्ही ऐकत होतात. सासरी आल्यापासून माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी मला कळलं. ऊन वर आलं होतं. तुम्ही हात लांब करून म्हणालात, "तो बघ काळा, एकटाच उभा आहे." मी पाहिलं. तिथे बाभळीचं जळकं खोड होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळ्यांवर हात धरून त्या खोडाकडे पुऱ्या विश्वासाने बघत होतात. शिकारखान्यातल्या पहिल्या नंबरच्या माणसाला लांबचं दिसत नव्हतं. हे बाहेर कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुम्हाला दाणावैरणीच्या कोठीवर बसवलं असतं.

मी म्हणाले, "हो, पण त्याच्या डावीकडे आणखी एक आहे, तो मोठा. त्याच्यावर लक्ष ठेवू." तुम्ही "बरं" म्हणालात आणि बैल डावीकडे वळवलेत.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढची अकरा वर्षं आपण दोघं माळावर गेलो, दर फाल्गुनात सात सकाळी. रोज तुम्ही विचारलंत, मी सांगितलं, घरी येऊन मी चोपडीत लिहिलं. महाराज सरकारांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकले होते, त्याचा असा उपयोग होईल असं शाळेतल्या बाईंना स्वप्नातही वाटलं नसेल. रपोट तुमच्या नावाने जायचा, अक्षर माझं. पण आपल्यात तो शब्द कधी निघाला नाही. तुम्ही "दिसत नाही" म्हटलं नाहीत, मी "ठाऊक आहे" म्हटलं नाही.

एकदाच मी हट्टाला पेटले होते. तिसरं वर्ष असेल. "खरं सांगा, मला बरोबर का नेता?" असं विचारलं.

"हरणं बुजत नाहीत म्हणून."

"मग गावातल्या पटलाच्या बाईला न्या. तिला कुठे बुजतात?"

तुम्ही एकटेच गेलात. दुपारी परत आलात, पाय धुतलेत, जेवायला बसलात आणि भातावरचं वरण तसंच ठेवून उठलात. दुसऱ्या पहाटे तुम्ही बैल जुंपत होतात तेव्हा मी आपणहून गाडीत जाऊन बसले. तुम्ही मला बसायला हात दिलात आणि तो हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवलात. मला त्या वेळी वाटलं, आता बोलाल. तुम्ही बैलांना हाकारलंत.

आता त्या मोठ्या शिकारीचं. बाहेरगावचे बडे पाहुणे यायचे होते आणि चित्त्याची शिकार त्यांना दाखवायची जबाबदारी शिकारखान्यावर होती. जमीन आपण निवडली होती, जांबुवा गावाच्या अलीकडची. ज्वारी काढून झालेलं मोठं खेतर, पायाखाली घट्ट, मध्ये काही नाही, फक्त एका कडेला काटेरी वाड. कळप चोवीसांचा. काळा असा की उन्हात पाठ चकाकायची. सात सकाळी आपण त्याला इतकी सवय लावली की आपल्या गाडीला पाहून तो रवंथही थांबवायचा नाही.

आदल्या दिवशी तुम्ही चुलीपाशी येऊन उभे राहिलात. "उद्या तू खेतरात असशील का?"

"शिकारीच्या दिवशी? मी?"

"पाहुण्यांच्या बग्ग्यांजवळ नाही. पलीकडे बांधावर. गवत कापायला आलेल्या बाईसारखी. उद्या धूळ फार उडेल. धुळीत मला कळप दिसला नाही तर पंचाईत." धुळीवर जोर देऊन तुम्ही म्हणालात. "तू लाल लुगडं नेस. कळप जिकडे असेल तिकडे चालत राहा. आम्ही पुरते जवळ आलो की खाली बस. तू बसलीस की मी चित्ता सोडायला सांगेन."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. ती जळली आणि सासूबाईंची बोलणी बसली, ती मला गोड लागली.

सकाळी मी बांधावर पोहोचले तर खेतर रिकामं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी शेजारच्या खेतरातलं काडीकसपट पेटवलं होतं, अजून धूर निघत होता, आणि कळप उठून गेला होता. गावातली जीवीबेन पटलाण तिथे विळा घेऊन बसली होती. आपल्या गाडीला रोज बघणारी, ओळखीची झालेली. मी तिला विचारलं तर म्हणाली, "काळियार तो नदी बाजू गयां, बेन. रडे छे शुं काम?" मी रडत नव्हते, धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिच्याकडून विळा मागून घेतला आणि नदीच्या बाजूला निघाले. पळावंसं वाटत होतं. पण गवत कापणारी बाई पळत नाही.

दोन खेतरं ओलांडली आणि ते दिसले. चोवीसच्या चोवीस. हरभरा उपटून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पांगून उभे. मागे वळून पाहिलं तर लांबून गाड्या येत होत्या. पुढच्या बैलाच्या शिंगाला धरून तुम्ही चालत होतात, मागे दोन गाड्यांवर डोळ्यांना टोपी घातलेले चित्ते, आणि खूप मागे बग्ग्यांची रांग. गाड्या जुन्या खेतराकडे वळत होत्या. मी उंच बांधावर चढले. उभी राहिले, तुमच्याकडे तोंड करून. एवढ्या लांबून तुम्हाला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. पण लाल रंग दिसला. तुम्ही थांबलात. मी नदीकडे चालू लागले, सावकाश, मध्ये मध्ये वाकून विळा चालवत. गाड्या वळल्या. चित्तेवान तुम्हाला काहीतरी विचारत होता, तुम्ही त्याच्याकडे न बघता पुढे चालत राहिलात. एवढा मोठा लवाजमा, एवढे पाहुणे, आणि कुणाला ठाऊक नव्हतं की तो सगळा एका गवत कापणाऱ्या बाईच्या मागे चालला आहे.

तुम्ही वळसा घेतलात, जसा आपण सात सकाळी घेत होतो. एक वळसा, दुसरा त्याहून जवळ. काळ्याने मान वर केली, गाड्या ओळखीच्या वाटल्या, मान खाली घातली. मी मनात पावलं मोजत होते. तीनशे. अडीचशे. दोनशेच्या आत आल्यावर मी खाली बसले.

टोपी निघाली. चित्ता गाडीवरून उतरला तो जमिनीला पोट लावून, आणि मग तो कुठे आहे हे कळायच्या आत निम्मं अंतर संपलं होतं. कळप फुटला. माद्या नदीकडे उधळल्या आणि काळा सरळ माझ्या दिशेने आला. असं वाटलं, अंगावरच येतोय. त्याच्या खुरांचा आवाज छातीत ऐकू येत होता. माझ्यापासून वीस हातांवर तो एकाएकी वळला, परत मोकळ्या जमिनीकडे, आणि तिथे चित्त्याने त्याला गाठलं. धूळ बसली तेव्हा सगळं शांत होतं. मी विळा इतका घट्ट धरला होता की मूठ उघडेना. आनंद झाला होता, आणि त्या जनावराचे डोळे इतक्या जवळून पाहिले होते म्हणून रडूही आलं होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. या एकवीस दिवसांत पुन्हा कळलं.

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, काळा काटेरी वाडीमुळे वळला. मी म्हणायची, वाड जुन्या खेतराला होती, तिथे वाड नव्हतीच, तो मला बघून वळला. तुम्ही म्हणायचात, "तुला बघून हरणं बुजत नाहीत, म्हणून तर तुला नेतो." दर होळीला पुरणपोळी खाताना हे भांडण निघायचं. तुम्ही मुद्दाम काढायचात हे मला ठाऊक होतं. वाड नव्हती हो. या वर्षी तुम्ही समोर नाही म्हणून मी हार मानणार नाही. ते लाल लुगडं मात्र मी परवा धाकट्या बहिणीला देऊन टाकलं.

मागच्या फाल्गुनात तुम्हाला बैलांच्या पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं. गाडी मी हाकत होते. माळही पूर्वीचा राहिलेला नाही. कित्येक जमिनी नांगराखाली गेल्या, मोटारी राजवाड्याच्या पुढपर्यंत येतात, कळप बारा-तेराचा झाला. तरी तुम्ही विचारत होतात, "माद्या कान कुठे वळवतात? पाडसं आहेत का? शेपट्या हलतात का?" मी एकेक सांगत गेले आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. शेवटच्या सकाळी म्हणालात, "छान दिसतंय." मी म्हणाले, "हो." त्या वेळी बोलायला हवं होतं. आपण दोघंच होतो, चुलीवर कुणाचं दूध उतू जात नव्हतं. मग यंदा माघात ताप आला आणि पाच दिवसांत सगळं संपलं. त्या पाच दिवसांत तुम्ही पाणी मागितलंत, आईला हाक मारलीत, पण माझ्याजवळ ते एक वाक्य काही बोलला नाहीत. माझा खरा राग त्याचा होता. अकरा वर्षं मी तुमच्याबरोबर गेले, आणि तुम्ही मला एवढंही दिलं नाहीत की, "तुझ्यामुळे निभावलं."

आज दुपारी शिकारखान्याचे दरोगासाहेब आले. आता फार थकलेत, काठी टेकत आले. ओसरीवर बसले. मी दाराआड उभी. सासूबाई भिंतीला टेकून. थोडा वेळ ते तुमच्या घोड्यांविषयी बोलले आणि मग दाराकडे न बघता म्हणाले, "वहिनीसाहेब, एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुम्ही पहिल्या वर्षी माळावर गेलात ना, त्या सात दिवसांनंतर मोहिते माझ्याकडे आले होते."

मी कडी घट्ट धरली.

"म्हणाले, 'साहेब, मला लांबचं दिसत नाही. वर्ष झालं. मी लपवलं, चूक केली. या वर्षीचा रपोट माझ्या बायकोच्या डोळ्यांनी केलाय. तो खोटा निघाला तर मला काढा. खरा निघाला तर आम्हां दोघांना ठेवा.' मी विचारलं, बाईमाणसावर एवढा भरवसा? तर म्हणाले, 'माझ्या डोळ्यांवर नव्हता एवढा आहे.'"

सासूबाई एकदम सरळ बसल्या.

"मी त्यांना म्हणालो होतो, घरी सांगा तिला हे. तर म्हणाले, 'साहेब, तिला सांगितलं तर ती मला सांभाळायला येईल. आत्ता ती माळ बघायला येते.'" दरोगासाहेबांनी डोळे पुसले. "अकरा वर्षं मी तुमचंच अक्षर वाचत होतो, बेटी."

अहो, मी दाराआड खाली बसले. आधी संताप आला. शिकारखान्यात जाऊन साहेबांना सांगितलंत आणि चुलीपाशी येऊन धुळीचं निमित्त केलंत. आणि मग मला हसू आलं, आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबावा लागला. मी तुमच्यापासून लपवत होते, तुम्ही माझ्यापासून. दोघंही एकमेकांना जपत अकरा वर्षं एका गाडीत बसून हरणं मोजत होतो. तुमचं म्हणणं चूक होतं एवढंच सांगते. मला तिसऱ्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी माळच बघायला येत होते.

जायच्या आधी दरोगासाहेब कामाचं बोलले. नवा माणूस नेमलाय, चांगला आहे, नजर तेज आहे, पण त्याला ही जमीन ठाऊक नाही. कोणत्या बाजूची फाटते, कळप कुठून कुठे जातो, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. "वर्ष झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण माळ वर्षभर थांबणार नाही. मी विचारायला आलो, हुकूम करायला नाही. माझी म्हातारी गाडीत बरोबर बसेल."

मी दाराबाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. मी म्हणाले, "येते."

साहेब गेल्यावर मी सासूबाईंच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिले. सगळं ऐकायची तयारी केली होती. त्या बराच वेळ तुमच्या खुंटीवरच्या पागोट्याकडे बघत राहिल्या.

"गाडी केव्हा यायचीय?" त्यांनी विचारलं.

"पहाटे."

"किती जणांच्या भाकऱ्या लागतील?"

"चौघांच्या."

त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आता मी हे लिहितेय आणि आतून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतोय.